ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, हे बाटलीवर मराठीत लिहा

मा. संपादक,
सनविवि.

दिवाळी जवळ आली की मोबाईलवर बाथरूम चकाचक करायचे व्हिडिओ सुरू होतात. थोडं ॲसिड, थोडं ब्लीच, त्यात कपड्याची पावडर, वरून लिंबू, सगळं एका मगात कालवायचं आणि फरशीवर ओतायचं, आणि खाली बायका "खूप छान टिप" म्हणून लिहितायत. मला हे बघून धडकी भरते. म्हणून हे पत्र, आणि साफसफाई सुरू व्हायच्या आत छापावं ही कळकळीची विनंती.

मी ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधे सहाय्यक होते, आता रिटायर झालेय. सॉल्ट ॲनालिसिसमधे, म्हणजे दिलेला क्षार कुठला ते ओळखायच्या प्रयोगात, क्लोराइडची एक टेस्ट असते, टेस्ट ट्यूबमधे चिमूटभर सॉल्ट, त्यात मँगनीज डायऑक्साइड, वर कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड, जरा गरम केलं की हिरवट पिवळा वायू वर येतो. तोच क्लोरीन. स्टार्च आयोडाइडचा ओला कागद नळीच्या तोंडाशी धरला की तो निळा पडतो. शीले नावाच्या केमिस्टने 1774 मधे क्लोरीन पहिल्यांदा तयार केला तोही मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरूनच. तर या बोटभर नळीतल्या वायूसाठी आम्ही सगळ्या खिडक्या उघडायचो, एक्झॉस्ट लावायचो, कुणी पोरगं नळी नाकाशी न्यायला लागलं की मॅडम ओरडायच्या. आणि हाच वायू लोक घरी बाथरूमचं दार लावून, खाली वाकून, तोंड फरशीजवळ नेऊन तयार करतात.

रिॲक्शन अगदी साधी आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, दोन्ही एकत्र आले की मीठ, पाणी आणि क्लोरीन. टॉयलेट क्लीनरच्या बऱ्याच बाटल्यांमधेही हेच ॲसिड असतं, साधारण 10 टक्के, त्यामुळे "आम्ही कुठे ॲसिड वापरतो, आम्ही तर क्लीनर वापरतो" असं म्हणून चालत नाही. टाकीत टाकायच्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं तरी तेच.

किती लागतं याचा हिशोब मी करून बघितला. 4 फूट बाय 6 फूट बाथरूम, उंची 8 फूट धरली तर आत साधारण 5,400 लिटर हवा मावते. 4 टक्क्यांचं ब्लीच फक्त एक चहाचा चमचा, 5 मिली घेतलं, त्यावर पुरेसं ॲसिड पडलं आणि सगळा वायू हवेत आला असं धरलं, तर जवळपास 66 मिली क्लोरीन निघतो. म्हणजे हवेच्या 10 लाख भागांत 12 भाग. आणि अमेरिकेतली कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणारी नायॉश ही सरकारी संस्था 10 भागांनाच जिवाला तात्काळ धोका मानते. प्रत्यक्षात थोडा वायू पाण्यात विरघळतो हे खरं, पण प्रत्यक्षात चमचा कोण वापरतं, लोक अर्धी बाटली ओततात. शिवाय क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तो खालीच साचतो, जिथे घासणारीचं तोंड असतं. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधे ईप्रला जर्मन सैन्याने सिलिंडर उघडून शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू.

आता लोक दोन्ही का ओततात तेही समजून घ्यायला हवं, नुसतं अडाणी म्हणून उपयोग नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, नळाखाली आणि बादलीच्या जागी पांढरे थर बसतात, ते कॅल्शियम कार्बोनेट, ते ॲसिडनेच निघतं. टाइल्सच्या सांध्यातली काळी बुरशी मात्र ॲसिडला दाद देत नाही, तिला ब्लीच लागतं. म्हणजे एकाच फरशीवर दोन डाग, दोन औषधं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मग माणूस म्हणतो एकदमच टाकू, वेळ वाचेल. तर तसं न करता आज एक वापरा, भरपूर पाणी ओतून धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी. ब्लीच आणि अमोनियाचंही जमत नाही, काही काचेच्या क्लीनरमधे अमोनिया असतो आणि तुंबलेल्या मुतारीतही होतो, त्यातून क्लोरामाइन नावाचे वायू येतात, तेही छातीत बसतात. आणि ते सोडा व्हिनेगरचं फसफसणं बघून लोक खुश होतात ना, तो नुसता कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने धोका नाही पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे घासायला काही उरत नाही.

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधे एका घरी काम करणाऱ्या मावशींना असंच झालं. खोकल्याची उबळ थांबेना, डोळ्यातून पाणी, घरच्यांनी दूध पाजून बसवून ठेवलं, तासाभरात बरं वाटलं म्हणून त्या चालत घरी गेल्या आणि रात्री दम लागून ॲडमिट. वाचल्या, पण अजून जिना चढताना थांबतात. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "ताई, एका बाटलीवर लिंबाचं चित्र होतं, दुसरीवर फुलाचं, मला काय माहीत हो." मी नंतर त्या बाटल्या बघितल्या. सूचना होती, मागच्या बाजूला, इंग्रजीत, इतकी बारीक की मला चष्मा लावूनही बाटली उजेडात न्यावी लागली.

लॅबमधे लेबल नसलेल्या बाटलीला आम्ही हात लावत नव्हतो. इथे तर टेम्पोवाला गल्लीत येऊन कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड भरून देतो, ना नाव ना तीव्रता. 2013 मधे सुप्रीम कोर्टाने ॲसिडहल्ल्याच्या प्रकरणात आदेश दिला की विकत घेणाऱ्याचं ओळखपत्र बघा, नोंद ठेवा, 18 वर्षांखालच्याला देऊ नका. आमच्या गल्लीत मी एकदाही कुणाला वही काढताना बघितलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक क्लीनरच्या आणि ब्लीचच्या बाटलीवर पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात मराठीत "दुसऱ्या कशातही मिसळू नका" आणि वाचता न येणाऱ्यांसाठी दोन बाटल्यांवर फुली मारलेलं चित्र, हे सरकारने सक्तीचं करावं. सुटं ॲसिड विकणं बंद व्हावं. सोसायट्यांनी टाकी धुणाऱ्या आणि संडास धुणाऱ्या माणसांना हे तोंडी सांगावं, कारण छातीत वायू जातो तो त्यांच्या, व्हिडिओ बघणाऱ्याच्या नाही.

आणि आपल्या पेपरने निदान दिवाळीपर्यंत पहिल्या पानावर एक छोटी चौकट द्यावी. त्यात एवढं पुरे: वास आला की सगळं तसंच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या, पाणी ओतायला परत आत जाऊ नका, डोळे वाहत्या पाण्याने धुवा, दुधाने छातीतला वायू उतरत नाही त्यामुळे त्यात वेळ घालवू नका, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरकडे जाच कारण फुफ्फुसाला सूज काही तासांनीही येते. मजकूर मी तपासून द्यायला तयार आहे.

आपली नियमित वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, बार्शी