माझा टोल घ्या, पण चार्जर चालू ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एकाने विचारलं होतं, कोटीच्या इलेक्ट्रिक गाड्या उडवणाऱ्यांना टोलमाफी कशासाठी? मी त्या उडवणाऱ्यांपैकी एक. शिरोली एमआयडीसीत माझा ओतकामाचा कारखाना आहे आणि २०२२ पासून मी पोर्श टायकन ४एस चालवतो. लॉटरी लागली नव्हती. छप्पन्नाव्या वर्षी हौस केली, एवढंच. आई म्हणाली होती, "एवढ्यात शिरोळकडं उसाचं रान आलं असतं." तिचं अजूनही तेच मत आहे आणि हिशेब म्हणून बघितलं तर तेच बरोबर आहे.

पण पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचा राग चुकीच्या नाक्यावर उभा आहे. टोलमाफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर आणि अटल सेतूवर. मी रोजचा माणूस कोल्हापूर-पुणे रस्त्याचा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, चारही नाक्यांवर माझा फास्टॅग इमानेइतबारे वाजतो. सहापदरीकरणाच्या खड्ड्यांतून, डायव्हर्जनच्या मातीतून गाडीचं पोट बटणानं बोटभर वर उचलून न्यायची आणि वर पैसे द्यायचे. कोल्हापूरकराला टोल हा शब्द तसाही सुखानं ऐकवत नाही. शहरातल्या टोलविरोधात एन. डी. पाटील सरांच्या मागे जे चालत होते त्यात मीही होतो, घोषणा देऊन घसा बसवून घेतला होता. तोच मी आज लिहितोय की माझ्याकडून घ्या. मित्र हसणार आहेत, हसू देत.

खरी सवलत टोलची नाहीच. ती आरटीओत आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एवढ्याच किमतीची पेट्रोलची परदेशी गाडी मी तेव्हा घेतली असती तर वाहन कर त्या वेळच्या कमाल मर्यादेला, म्हणजे २० लाखांना भिडला असता. इलेक्ट्रिक म्हणून मी भरला शून्य. जीएसटी ५ टक्के. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. गाडी जर्मनीत तयार होऊन येते, ४० हजार डॉलरच्या वरची, म्हणून १०० टक्के आयात शुल्क किमतीत बसलेलं होतं. म्हणजे केंद्रानं एका खिशातून घेतलं आणि राज्यानं दुसऱ्या खिशात थोडं परत टाकलं. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतल्याचं सभागृहात सांगितलं. त्या दिवशी आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मी एक साधा अंगठा टाकला. दीड कोटीवर सहा टक्के म्हणजे नऊ लाख. जो माणूस दीड कोटी काढतो तो नऊ लाखांसाठी डिझेलकडे वळतो, हे मला कुणी पटवून द्यावं.

माझी गाडी मला आवडते. ती आवडते म्हणूनच हे सगळं लिहितोय, नाहीतर विकून मोकळा झालो असतो. चार सेकंदांत शंभर वगैरे खरं आहे, पण ते पाहुण्यांना एकदा दाखवायचं आणि विसरायचं. रोजचं सुख वेगळं आहे. आठ तास ओतीव मालाच्या कडा घासणाऱ्या ग्राइंडरचा आणि साच्याची वाळू झटकणाऱ्या यंत्राचा धडधडाट कानात साठलेला असतो. संध्याकाळी दार लावलं की तो एकदम तुटतो. पहिल्या महिन्यात मी गेटजवळ दोन-दोन मिनिटं नुसता बसून राहायचो. वॉचमनला वाटलं साहेबांचं काहीतरी बिनसलंय.

सोमवारी आमची सुट्टी. पहाटे पन्हाळ्याला जाऊन येतो. सव्वादोन टनांचा ऐवज गडावर न्यायचा तर नुसतं वजन चढवायलाच अडीच युनिट जातात, आणि उतरताना ब्रेकवर हलका पाय ठेवला की त्यातली बरीचशी बॅटरीत परत येतात. वीज बिलाशी आयुष्य काढलेल्या माणसाला उतरताना आकडा वाढलेला दिसणं म्हणजे काय, ते फक्त कारखानदारालाच कळेल. आमच्या इंडक्शन भट्टीत एक टन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट लागतात. त्या मापानं या गाडीची सगळी बॅटरी, ९३.४ युनिटची, म्हणजे एकशेसाठ-एक किलोचा रस. त्यातली वापरायला मिळते ८३.७. हायवेला साडेतीनशे किलोमीटर धरून चालतो. कंपनीचा आकडा जास्त आहे, पण कंपनीनं खंबाटकी घाटात ट्रकमागे उभं राहून तो काढलेला नाही.

घरच्या चार्जिंगला मात्र पहिल्या आठवड्यात गाडीनं नकारच दिला. प्लग लावला की लाल दिवा. दोन दिवस गाडीला शिव्या घातल्या आणि मग कळलं, घराचं अर्थिंग कच्चं. कारखान्यात दरवर्षी अर्थिंग तपासणारा मी, घरात वीस वर्षं बघितलं नव्हतं. परसात कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला, हिरवा दिवा लागला. पावसाळ्यात शॉक बसत नाही का, हे विचारणाऱ्यांना एकच उत्तर, नाही. पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, पुराच्या इशाऱ्याला गेली की मी गाडी उंचावरच्या मेहुण्याकडे नेऊन लावतो. तेवढं तर माझे वडील त्यांच्या राजदूत मोटारसायकलसाठीसुद्धा करायचे.

गतिरोधकांचं काय सांगू. आमच्या गल्लीतला तर कुणीतरी सूड म्हणून बांधलेला आहे. गाडीला ती जागा एकदा शिकवून ठेवली आहे, तिथं आली की आपोआप वर होते. नगरपालिकेला जमलं नाही ते स्टुटगार्टच्या कंपनीनं केलं. पंक्चर झालं तेव्हा कागलच्या दुकानदारानं सवयीनं विचारलं, "स्टेपनी काढा." स्टेपनी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मुलगी दाखवायला आणली आणि मुलगीच नाही.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कुठं बोललो नाही. गाडी पहिल्यांदा कारखान्यात आणली त्या दिवशी पोरांनी नारळ फोडला, फोटो झाले. आमचे भट्टीवरचे मामा, वडिलांच्या वेळेपासूनचे, सगळ्यात शेवटी आले. आम्ही डिझेल इंजिनची कामं ओततो, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फ्लायव्हीलचं हाउसिंग. मामांनी पुढचं झाकण उघडायला लावलं. आत एक छोटी डिकी, गालिचा घातलेली. मागचं उघडलं, तिथंही डिकी. मामा वाकून चाकातून बघत म्हणाले, "मालक, ह्यात आपलं काय लागतंय?" मी म्हटलं, ब्रेकची डिस्क तेवढी बिडाची आहे. ते म्हणाले, "ती बी झिजत नसंल, ही तर ब्रेक दाबला तरी मोटरीनंच थांबती म्हणं." खरं होतं. ज्या गाडीत आपल्या भट्टीतला एक तुकडाही बसत नाही ती गाडी मी आपल्या भट्टीच्या कमाईतून आणली होती. मामांना त्यात टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. नंतर पंपांची कामं वाढवली. पण ते दुसरं पत्र होईल.

मूळ मुद्दा हा. गेल्या डिसेंबरात पुण्याहून परत येताना रात्री साडेअकराला सातारा आणि कराडच्या मधल्या एका ढाब्यावर थांबलो. बॅटरी २४ टक्के. ढाब्याच्या मागच्या अंगाला, शौचालयाच्या भिंतीला लागून, चार्जर. वर छप्पर नाही, दिवा नाही. स्क्रीन लाल. ढाब्यावरचा पोरगा म्हणाला, "चार दिवस बंद हाय." मोबाइलचा उजेड मारून बघितलं तर इमर्जन्सीचं लाल बटण आत दाबलेलं. आमच्या प्रत्येक पॅनेलवर तसलं बटण असतं, ते दाबलं की अडकतं, आणि उजवीकडे पिळल्याशिवाय बाहेर येत नाही. पिळलं. पंखे सुरू झाले, स्क्रीन हिरवी. चार दिवस! रस्त्यावरून जाणारे किती लोक लाल स्क्रीन बघून, देवाचं नाव घेऊन पुढे गेले असतील. हेल्पलाइनवाल्यांनी प्रत्येकाला नम्रपणे सांगितलं असेल की तुमची तक्रार नोंदवली आहे.

गाडी लावली. मशीन ६० किलोवॅटचं, दाखवत होतं ४१. माझी गाडी २७० घेऊ शकते, पण ती बढाई तिथं कुणाला मारणार. चार्जरच्या दुसऱ्या गनची, म्हणजे गाडीला लावायच्या प्लगची, केबल मधोमध चेपलेली, ट्रकचं चाक गेलेलं स्पष्ट दिसत होतं.

अर्ध्या तासानं एक छोटी इलेक्ट्रिक टॅक्सी आली. मागच्या सीटवर एक आजोबा छातीशी उशी धरून बसलेले. बायपास होऊन त्या दिवशी डिस्चार्ज मिळालेला, तासगावला घरी निघालेले. ड्रायव्हर पंचविशीचा. गाडीत ६ टक्के. आधीच्या दोन ठिकाणी एक बंद आणि एकाला गेटलाच कुलूप, असं करत तो इथवर आला होता. माझी गाडी बघून त्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसता बाजूला उभा राहिला. माझी ४६ टक्के झाली होती, घरी जायला पुरेशी. मी गन काढली. तो म्हणाला, "मालक, तुमचा नंबर आधी होता की."

मग चहा झाला. तो पुण्यात तिघांत एक खोली घेऊन राहतो, पार्किंग नाही, त्यामुळे घरी चार्जिंग नाही. सगळं बाहेर. युनिटला वीसच्या पुढे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. इथं मी कप खाली ठेवला. गाडी घेताना मला जीएसटी ५ टक्के. घरी रात्री महावितरणच्या दरानं मी गाडी भरतो, त्यावर जीएसटीच नाही. आणि हा पोरगा, ज्याचं पोट या गाडीवर आहे, प्रत्येक युनिटला १८ टक्के मोजतोय. सवलत कुणाला आणि वसुली कुणाकडून, हे मला त्या ढाब्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून समजलं. त्याआधी तीन वर्षं मी फुकटचा खूश होतो.

आजोबा गाडीतून उतरले नाहीत. जिथं उतरायचं तिथं चिखल होता. पन्नास मिनिटं ते उशी धरून तसेच बसले. अंधारात त्यांच्या मुलानं त्यांना बाटलीतून पाणी पाजलं.

तर सरकारला माझं सांगणं एवढंच. ३० लाखांच्या वरच्या गाडीची टोलमाफी काढा. ते सहा टक्के परत लावा, मी माझे नऊ लाख भरतो. पण तो पैसा सरकारी तिजोरीत विरघळू देऊ नका. त्यातून रस्त्यावरच्या चार्जिंगचा जीएसटी गाडीच्या बरोबरीनं ५ वर आणायला जीएसटी परिषदेत भांडा. चार्जरला वीजजोड देताना अट घाला की वर पत्रा, खाली काँक्रीट, एक दिवा आणि जवळ धड शौचालय हवं. पत्र्याची शेड उभी करायला काय लागतं ते मला माहीत आहे, माझ्या कारखान्यात तीन आहेत. आणि मशीन बंद पडल्यावर किती तासांत चालू झालं याची नोंद ठेवा, बंद राहिलं तर दंड करा. आमचा एक पार्ट रिजेक्ट झाला तर गिऱ्हाईक आमच्या बिलातून पैसे कापतं. त्याच नियमानं जग चालतं. किती चार्जर उभारले याचे आकडे जाहिरातीत दिसतात. आज रात्री त्यातले किती चालू आहेत, हा आकडा मला कुणी छापून दाखवावा.

मी काय केलं तेही सांगतो, नुसता उपदेश नको. कारखान्यात एक पाटी ओतून घेतली, बिडाची, एक वीत लांब. पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, मामांनीच केला, अक्षरं कोरायला त्यांना दोन दिवस लागले. "हे बटण दाबू नका. दाबलं गेल्यास उजवीकडे पिळा." सोमवारी जाऊन चार्जरशेजारच्या भिंतीला दोन बोल्टनं पक्की बसवली. ढाबेवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पाटी काढलेली होती, परवानगी नव्हती म्हणून. बोल्टची भोकं तेवढी शिल्लक. बटण दाबलेलंच होतं. पिळलं आणि गाडी लावली.

आपला,
एक ओतकाम कारखानदार,
शिरोली (पुलाची), जि. कोल्हापूर

(नाव छापू नये ही विनंती. कारखान्यात बोनसची बोलणी चालू आहेत.)