नवाच्या पाढ्यातल्या नोटा

यांगून,
१२ जुलै

तीर्थस्वरूप नानाकाकांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही दिलेल्या यादीतल्या ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, बहुतेक जुन्या नोटा मिळाल्या. ७५ क्याटची (क्याट म्हणजे इथलं चलन), ३५ची, १५ची, आणि तुमचा जीव अडकलेली ४५-९०ची जोडी. पुढच्या महिन्यात ऑफिसातले एक जण पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. पोस्टावर माझा भरवसा नाही. फोनवर हे सगळं सांगितलं असतं, पण तुम्ही फोनवर किंमत तेवढी ऐकता आणि बाकीच्याला हं हं करता, म्हणून पत्र.

‘हुकूमशहाच्या नोटा म्हणजे वर त्याचं थोबाड असणारच’ असं तुम्ही म्हणाला होतात. तर ने विनचा चेहरा एकाही नोटेवर नाही. २ मार्च १९६२ला या माणसाने लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली आणि १९८८पर्यंत देश मुठीत ठेवला, पण नोटेवर बसवलं आँग सानला. स्वातंत्र्याचा नेता, लष्कराचा संस्थापक, १९४७मध्येच खून झालेला. मेलेल्या माणसाचं नाव वापरायला परवानगी लागत नाही. ने विनचा हात ओळखायचा तर आकड्यांकडे बघायचं.

आता तुमच्यातल्या कॅशियरसाठी हिशेब. ३ नोव्हेंबर १९८५ला ५० आणि १००च्या नोटा अचानक रद्द झाल्या. थोड्या बदलून मिळाल्या, त्यालाही मर्यादा. आठवड्याभरात ७५ची नोट आली. ने विनच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने काढली असं इथे सर्रास बोललं जातं. पुढच्या वर्षी १५ आणि ३५. मग ५ सप्टेंबर १९८७ला २५, ३५ आणि ७५ या तिन्ही रद्द, आणि या खेपेला बदलून काहीच नाही. चलनातला निम्म्याहून कितीतरी जास्त पैसा एका घोषणेत रद्दी झाला. त्याच महिन्याच्या २२ तारखेला आल्या ४५ आणि ९०. चार आणि पाच नऊ, नऊ आणि शून्य नऊ. दोन्ही नवाच्या पाढ्यातल्या, कारण नऊ हा साहेबांचा लकी नंबर. काळ्या बाजाराला आळा घालायचा हे सरकारी कारण होतंच, ते असतंच. पण पंचेचाळिसाची नोट पुढे करून कोणी तेरा क्याटचे कांदे घेतले तर सुट्टे कसे द्यायचे, याचा विचार साहेबांच्या एकाही ज्योतिषाने केला नसावा. तुम्ही त्या काउंटरवर असतात तर दुपारच्या चहापर्यंत राजीनामा दिला असतात.

९०ची नोट मात्र देखणी आहे हो. कोरी करकरीत मिळाली, मधली घडीसुद्धा नाही. पुढे साया सान आहे. १९३०च्या शेवटी इंग्रजांविरुद्ध शेतकऱ्यांचं बंड उभं करणारा, ज्याला पुढच्या वर्षी फाशी दिलं. मागे बैलांचा नांगर आणि भातलावणी. क्षणभर वाटलं, आपल्याच खाचरात चिखल तुडवतायत. ४५वर तेलविहिरींच्या कामगारांचा पुढारी पो ह्ला जी, १९३८च्या संपातला. शेतकऱ्याचा आणि कामगाराचा पैसा बुडवायचा आणि दोन-अडीच आठवड्यांत त्यांच्याच पुढाऱ्यांची चित्रं त्यांच्या हातात द्यायची, यालाही धाडसच लागतं. छपाई इथल्याच वाझीच्या सरकारी छापखान्यातली. तो जर्मन कंपनीच्या मदतीने उभा राहिला, म्हणूनच बहुधा रेषा इतक्या स्वच्छ आहेत. उजेडासमोर धरलीत की वॉटरमार्कमध्ये आँग सान दिसेल.

या नोटा बोजो आँग सान बाजारात घेतल्या. जुने लोक त्याला अजून स्कॉट मार्केट म्हणतात. दागिन्यांच्या आणि लाखेच्या दुकानांमधून जाताना प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावलेल्या दिसतात, पर्यटकांसाठी. दुकानदार सगळ्याच ‘अगदी कोऱ्या’ म्हणून दाखवतो. तुम्ही शिकवल्याप्रमाणे तिरपी धरून बघितली, तर निम्म्यांना इस्त्री मारलेली. अंगावर घडीची पुसट रेघ राहतेच आणि कागदाची कुरकुर गेलेली असते. त्या परत केल्या.

७५ आणि ३५ इतक्या स्वस्त का, हे मला आधी कळेना. मग आमच्या घरमालकीणबाईंमुळे उलगडलं. त्यांच्या वडिलांचं लुंग्यांचं दुकान होतं. घोषणा झाली तेव्हा दुकानातला आणि घरातला मिळून जवळजवळ सगळा पैसा ७५च्या नोटांत होता. बिस्किटाचा डबाभर. त्यांनी तो डबा टाकला नाही, जाळला नाही, सरकारचं मन पालटेल म्हणून माळ्यावर ठेवला. पुढे नातवंडांनी त्या नोटांनी दुकान-दुकान खेळून घेतलं. उरलेल्यांतली एक बाईंनी मला फुकट दिली. मी पैसे देऊ केले तर हसल्या आणि म्हणाल्या, ‘किती देणार? पंचाहत्तर?’ ती नोट मळकी आहे, कोपरा फाटलाय, तुमच्या भाषेत तिला काही ग्रेड नाही. पण ती मी वेगळ्या पाकिटात घालून पाठवतेय, आणि ती अल्बममध्ये पहिल्या पानावर लावायची, हा माझा हट्ट.

बघा ना, आपल्याकडे १९७८च्या जानेवारीत हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटा गेल्या, तेव्हा त्या बँकेत भरता येत होत्या. लोकांनी भरल्या, बँकेने नष्ट केल्या, आणि म्हणून आज दहा हजाराची एखादी नोट लिलावात आली की तुमचे डोळे विस्फारतात. इथे कोणी परत घेतल्याच नाहीत, त्यामुळे घराघरांत राहिल्या. संग्राहकाला स्वस्त पडतात त्या लोकांचं नुकसान पुरं झालं म्हणून. २०१६ मध्ये आईने रांगेत उभं राहून सरकारला काय काय ऐकवलं ते मला आठवतं, पण तिचे पैसे निदान खात्यात जमा झाले होते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फीचे पैसे बुडालेले विद्यार्थी १९८७च्या त्या सप्टेंबरातच इथे, तेव्हाच्या रंगूनमध्ये, रस्त्यावर आले, सरकारने शाळा-कॉलेजं बंद केली. १९८८च्या जुलैत ने विनने सत्ताधारी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं, ८ ऑगस्टला देश रस्त्यावर उतरला, आणि सप्टेंबरात लष्कराने रक्त सांडून पुन्हा लगाम ओढले. १९९०च्या एक क्याटच्या नोटेबद्दल इथे एक किस्सा सांगतात. चित्रकाराने वॉटरमार्कमधला आँग सान काढताना जबडा जरा नाजूक केला, आणि उजेडात धरलं की त्याची मुलगी, लोकशाहीवाद्यांची नेता सू ची दिसते. खरं-खोटं माहीत नाही, पण नंतरच्या नोटांवरून आँग सान गेले आणि सिंह-हत्ती आले, हे मात्र खरं. २०२०मध्ये आँग सान नोटांवर परतले, आणि पुढच्याच वर्षी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. त्याबद्दल पत्रात जास्त लिहीत नाही.

एक क्याटची ती नोट अजून मनासारखी मिळाली नाही, दुकानदाराला सांगून ठेवलंय. रत्नागिरीच्या पावसात अल्बम भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, बुरशी धरेल. आणि साधी पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, कागद चिकटतो. काकूंना सांगा, थिबा राजवाड्यासमोर काढलेला त्यांचा फोटो घरमालकीणबाईंना दाखवला. इंग्रजांनी तिथे नजरकैदेत ठेवलेल्या आपल्या थिबा राजाला तुम्ही नीट सांभाळलंत का, असं त्यांनी विचारलंय. उत्तर तुम्हीच कळवा.

थोरांना नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुमची,
मुक्ता