कायम होण्याआधीची वही

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, ही माणसं सहा वर्षांनी मला काय बघून कायम करणार?" तुला फोर-एचच्या, म्हणजे तुझ्या मुलांच्या कार्यक्रमाच्या, मेळाव्याला निघायचं होतं, म्हणून मी "नीट लिहून पाठवते" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

आधी नावांचा गोंधळ सोडवते. कायम होण्याला युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या गेन्सव्हिलच्या आवारात शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी टेन्युअर म्हणतात, काउंटीच्या कचेरीत बसणाऱ्या आपल्यासारख्या विस्तार एजंटांसाठी पर्मनंट स्टेटस. कॅलिफोर्नियातले आपले सहकारी त्यालाच इंडेफिनिट स्टेटस म्हणतात. काही राज्यांत काउंटीच्या लोकांना अशी सोयच नाही, तेव्हा आपल्याकडे ती आहे हे भाग्य समज. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं केंद्र, राज्य आणि काउंटी अशा तिघांच्या पैशावर युनिव्हर्सिटीचं ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचं हे विस्ताराचं, म्हणजे एक्स्टेन्शनचं, काम उभं केलं. म्हणून फ्लोरिडाच्या ६७ काउंटींत आपण बसतो काउंटीच्या इमारतीत, लोकांना वाटतो काउंटीचे नोकर, पण असतो युनिव्हर्सिटीचे फॅकल्टी. काउंटीतली माणसं तुला ओळखतात ती कामावरून. युनिव्हर्सिटी तुला ओळखणार ती कागदावरून. कायम होण्याची सगळी ओढाताण या दोन ओळखींमधली आहे.

कायम होणं आणि बढती हे निर्णयही दोन आहेत, जरी पॅकेट, म्हणजे आपल्या कामाच्या कागदपत्रांचा संच, बहुतेक वेळा एकच जात असलं तरी. बढतीत विचारतात, हिचं काम एजंट एक, दोन, तीन, चार या पायऱ्यांतल्या वरच्या पायरीचं झालं आहे का? कायम करताना विचारतात, ही बाई पुढची वीस-पंचवीस वर्षं आपल्याला हवी आहे का? दुसरा प्रश्न जास्त जड आहे. त्याची मुदत तुझ्या नेमणूकपत्रात लिहिलेली असते. ते पत्र आज रात्रीच काढून बघ, कुणी सांगितलं म्हणून अंदाजानं चालू नकोस.

मग पॅकेट फिरतं. तुझ्या काउंटी डायरेक्टरचं पत्र लागतं, जिल्ह्याच्या डायरेक्टरांचं लागतं. आधीच कायम झालेले सहकारी गुप्त मतदान करतात. बाहेरच्या जाणकारांची पत्रं मागवतात, राज्याची समिती बसते, मग एक्स्टेन्शनचे डीन आणि त्यांच्या वरची मंडळी. या साखळीतल्या बहुतेकांनी तुला मुलांच्या गराड्यात उभी असलेली कधीच पाहिलेलं नसेल.

आता माझी गोष्ट सांगते. ही तुला मी कधी पूर्ण सांगितलेली नाही, तू तेव्हा लहान होतीस.

मी २००४ मध्ये लागले. संत्र्याच्या बागायतदारांसाठी काम, आणि माझ्या पहिल्या आराखड्यात उद्दिष्ट होतं उत्पादन वाढवण्याचं. वर्षभरात, २००५ च्या ऑगस्टमध्ये, मायामीच्या दक्षिणेला सिट्रस ग्रीनिंग हा झाडांचा रोग सापडला आणि ते उद्दिष्ट जागेवरच मेलं. ग्रीनिंगवर इलाज नाही. सायला नावाचा तीन-चार मिलीमीटरचा किडा तो पसरवतो, झाड हळूहळू खचतं, फळं वेडीवाकडी राहतात, गळतात. मी घाबरून भराभर बैठका लावल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, शनिवारी बागेत प्रात्यक्षिक. तिसऱ्या वर्षी मधल्या आढाव्याची वेळ आली तेव्हा माझ्याकडे हजेरीच्या कागदांचा हा एवढा गठ्ठा होता आणि मला त्याचा अभिमान होता.

माझ्या काउंटी डायरेक्टरनी तो गठ्ठा शांतपणे चाळला. त्या फार सज्जन बाई होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे सहा वेळा आले. त्यांच्या बागेत काय बदललं?"

मला सांगता येईना. सहा वेळा मी त्यांना कॉफी दिली होती, सही घेतली होती, आणि एकदाही त्यांच्या फाटकातून आत गेले नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते कायम करतील की नाही हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. त्या माणसाची झाडं पिवळी पडत होती आणि मी त्याच्या सह्या मोजत बसले होते, एवढंच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

पुढच्या आठवड्यात गेले. त्यांनी मला झाडांच्या ओळीत नेलं. मी पांढरा जाड कागद फांदीखाली धरला, पाइपच्या तुकड्यानं फांदीवर तीन टपल्या मारल्या. कागदावर सायला पडले. डोकं खाली, शेपटी वर, पंचेचाळीस अंशात तिरके, पेन्सिलीच्या टोकानं काढलेल्या रेघांसारखे. "तुम्ही सांगितलंत तशी फवारणी केली होती," ते म्हणाले. "तीन आठवड्यांत परत आले." मग त्यांनी कुंपणापलीकडे हात केला. पलीकडे कुणीच बघत नसलेली, सोडून दिलेली बाग होती, नवतीनं, म्हणजे कोवळ्या पालवीनं, भरलेली.

सहा बैठकांत मी त्यांना जे शिकवलं ते बरोबर होतं आणि निरुपयोगी होतं. एकट्यानं फवारून उपयोग नव्हता. थंडीत, नवती फुटायच्या आधी, सगळ्या शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात फवारायला हवं होतं. माझा खरा कार्यक्रम त्या कुंपणापाशी सुरू झाला. पुढची दोन वर्षं मी भाषणं कमी केली आणि कुंपणांच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना एका टेबलाशी बसवलं. त्यातले दोघे एकमेकांशी दहा वर्षं बोलत नव्हते. पुढे राज्यभर याच पद्धतीचे गट उभे राहिले, त्यात आमचा भागही आला.

आणि तेव्हापासून मी वही ठेवली. बैठकीआधी कागदावर किती सायला, फवारणीनंतर किती. कोण सामील झालं, किती एकर. कोण नाही म्हणालं आणि का. सहा महिन्यांनी फोन, वर्षानं परत फोन. सई, माझ्या पॅकेटातली सगळ्यात चांगली पानं या वहीतून आली. पण ती वही मी पॅकेटसाठी ठेवली नव्हती. पुढच्या महिन्यात काय करायचं हे मला तिच्याशिवाय कळत नव्हतं.

आपल्या क्षेत्रात १९७५ पासून एक सात पायऱ्यांची शिडी सांगतात, ती तुला प्रशिक्षणात दाखवली असेलच. खाली साधनं, मग उपक्रम, मग किती जण आले, मग त्यांना कसं वाटलं, त्यावर ज्ञान-वृत्ती-कौशल्य-इच्छा यांतला बदल, मग वागण्यातला बदल, आणि माथ्यावर प्रत्यक्ष परिणाम. माझा तो गठ्ठा तिसऱ्या पायरीवर अडकला होता. समिती वाचते ती वरच्या तीन पायऱ्यांसाठी. "२४ कार्यशाळा घेतल्या" हे वाक्य त्यांना तुझ्या कष्टांबद्दल सांगतं, लोकांबद्दल काहीच सांगत नाही.

तू म्हणशील, तुझं संत्र्यांचं होतं, किडे मोजता येतात, मुलं कशी मोजू? खरंय, तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे. मुलाचा आत्मविश्वास कागदावर टपलीनं पडत नाही. पण तुझ्या हाताशी एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नव्हती. फोर-एचची मुलं स्वतःच्या प्रोजेक्टची वही स्वतः लिहितात. वासराला काय खाऊ घातलं, किती खर्च आला, काय चुकलं, पुढच्या वर्षी काय वेगळं करणार. त्या वह्या बक्षिसापुरत्या तपासून परत देऊ नकोस. पहिल्या वर्षीची आणि तिसऱ्या वर्षीची वही शेजारी ठेवून वाच. जी मुलगी पहिल्या वर्षी प्रात्यक्षिक देताना आईच्या मागे लपली, ती चौथ्या वर्षी लहानांचा गट चालवते का, हे नोंदव. तुझ्याकडे तयार झालेले स्वयंसेवक किती वर्षं टिकतात तेही. आणि कोणत्या वस्त्यांतली मुलं तुझ्यापर्यंत येतच नाहीत, ते तर आधी लिही. सगळ्यांपर्यंत पोचायचं हा केंद्राच्या पैशांचा नियम आहेच, पण तुला माहीत आहे मला तो नियमापेक्षा जास्त वाटतो.

लिहिण्या-छापण्याचं थोडक्यात सांगते. युनिव्हर्सिटीच्या ईडिस या ऑनलाइन प्रकाशन-संग्रहात तज्ज्ञांबरोबर एखादं प्रकाशन, आपल्या व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक संमेलनात एखादं सादरीकरण, हे दुसऱ्या वर्षापासून सुरू कर. बाहेरची पत्रं लिहिणाऱ्यांना तुझं काम माहीत असायला हवं, ते शेवटच्या वर्षी धावपळ करून होत नाही. समित्यांवर मात्र दोनपेक्षा जास्त नको. नवीन मुलगी नाही म्हणत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

अपयशही लिही. मी पॅकेटमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की आमच्या गटात सायला कमी झाले, तरी आधीच रोग लागलेली झाडं वाचली नाहीत. एका सहकाऱ्यानं ते वाक्य काढायला सांगितलं. मी काढलं नाही. मी कायम झाले, बढतीही मिळाली. त्या म्हाताऱ्या बागायतदारांनी दोन वर्षांनी बाग विकली. विकायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही शेवटच्या ओळीत उगाचच एकदा कागद धरून टपल्या मारल्या. त्या दिवशीचा आकडाही वहीत आहे.

गॅरेजमध्ये, पायऱ्यांखालच्या कपाटात, निळ्या झाकणाचा डबा आहे. त्यात त्या सगळ्या वह्या आणि माझं जुनं पॅकेट आहे. नियम बदललेत, त्यामुळे पॅकेटची मांडणी उचलू नकोस, फक्त वाच. या महिन्याअखेर येशील तेव्हा घेऊन जा. आणि येताना तुझ्या कार्यक्रमाचं पहिलं पान लिहून आण, कच्चं असलं तरी चालेल. आपण दोघी बसून त्यातल्या प्रत्येक "उपस्थित" या शब्दाभोवती लाल गोल करू.

बाबा विचारतायत, तुला थंडी सोसते का तिकडे उत्तरेला. जाड जॅकेट विकत घे.

तुझी,
आई