पॅलेटचे लाकूड घरात आणण्यापूर्वी

संपादक महोदय,

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटींच्या) फळ्यांचे मखर, भिंतीवरची शेल्फं आणि हल्ली तर गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायची लाकडी चौकट, म्हणजे माटोळीसुद्धा समाजमाध्यमांवर झळकू लागते. लाकूड भंगारवाल्याकडे किरकोळ भावात मिळते, हे खरे. पण वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतून उचललेले पॅलेट तसेच देवाच्या खोलीत नेण्याजोगे नसते.

आधी शिक्का पाहावा. निर्यात-आयातीच्या मालाबरोबर फिरलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि दोन अक्षरी देशसंकेत असतो. सोबत ‘एचटी’ (HT) असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवलेले आहे. ‘एमबी’ (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते घरासाठी घेऊ नये आणि न्हाणीच्या चुलीत तर मुळीच घालू नये. शिक्का नसेल आणि तेलाचे डाग किंवा रसायनाचा वास असेल, तर सोडून द्यावे. एका रंगात रंगवलेले, कंपनीचे नाव छापलेले पॅलेट बहुधा भाड्याचे असते. विकणाऱ्याला ते विकण्याचा अधिकारच नसतो.

‘एचटी’ पाहून निर्धास्त होणारेही पुष्कळ. तापवल्याने आतली कीड मरते, पुढे लागणारी वाळवी किंवा भुंगा थांबत नाही. त्यासाठी १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन-तीन हात द्यावेत. हे द्रावण पावसात धुऊन जाते, म्हणून घरातल्या वस्तूंनाच, आणि वरून व्हार्निश हवेच. खाण्याच्या ताटा-ट्रेला लावू नये.

पॅलेटचे खिळे पिळाचे असतात. पहारीने उचकटले की फळीचे टोक चिरते. फळी आणि दांडा यांच्या फटीत लोखंड कापायचे पाते घालून खिळा कापावा, डोके फळीतच राहू द्यावे. जुनेपणाची खूण म्हणून ते शोभतेही. मात्र जिथे रंधा मारायचा तिथले डोके ठोकून काढावे आणि चुंबक फिरवून खात्री करावी. एक तुकडा राहिला तरी रंध्याच्या पात्याला खाच पडते.

आमच्याकडची खरी अडचण हवेची. १०० मिलिमीटर रुंदीची पाइनची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत मिलिमीटर-दीड मिलिमीटर सहज फुगते. उन्हाळ्यात घट्ट चिकटवलेले पॅनेल श्रावणात फुगून उचलले जाते. दोन फळ्यांत २ मिलिमीटरची फट ठेवावी, फळ्यांमध्ये पट्ट्या देऊन सावलीत वाळवावे. किनाऱ्याजवळ स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरावेत. चवथीच्या तोंडावर दमट हवेत लॅकर मारला की पांढुरका पडतो. कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबणे परवडते. जवसाच्या कच्च्या (न उकळलेल्या) तेलावर बुरशी धरते, आणि जवसाच्या तेलाचा बोळा घडी करून ठेवला तर आपोआप पेटू शकतो. तो पसरून वाळवावा.

माटोळीबद्दल मात्र आमचे मत कडक आहे. असोल्या (न सोललेल्या) नारळांचा घोस, सुपारीची शिपटी (घोस), केळ्यांचा घड हा भार पॅलेटच्या पातळ फळ्यांवर टाकू नये. जुन्या खिळ्याच्या भोकातच फळी फाटते, तीही खाली माणसे बसलेली असताना. पॅलेटचेच लाकूड हवे असेल तर खालचे जाड दांडे घ्यावेत आणि ते कडेवर उभे बसवावेत. ९० बाय १८ मिलिमीटरची फळीसुद्धा सपाट ठेवण्यापेक्षा कडेवर २५ पट ताठ राहते. टांगणी दांड्याच्या आरपार बोल्टने घ्यावी, टोकाला मारलेल्या स्क्रूवर नको. फळ्या शोभेला, भार दांड्यांना, अशी विभागणी असावी. केवणीने (रानझाडाच्या सालीच्या दोरीने) बांधायची जुनी वाशांची चौकट याहून हलकी आणि सोपी आहे, हेही सांगायला हवे.

चवथीआधी सजावटीच्या कार्यशाळा घेणाऱ्या मंडळांनी पहिला अर्धा तास शिक्का वाचायला द्यावा. वसाहतींतील कारखान्यांनी ‘एचटी’ पॅलेट वेगळे काढून कोरड्या जागी रचले, तर निम्मे लाकूड पावसात कुजण्यापूर्वीच कामी येईल.

– सुतारकाम करणारे काही वाचक, फोंडा