अंग उतरलं की मोजणी पुन्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅन्सरच्या रेडिएशनची आखणी आता कॉम्प्युटर मिनिटांत करतो, अशा बातम्या हल्ली वाचतो. माझी हयात भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात गेली; हद्दीच्या रेघेचा विषय निघाला की राहवत नाही, म्हणून हे पत्र.

धाकट्या भावाला खर्ऱ्यापायी गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर रेडिएशन ठरलं: एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप), ३० वेळांत विभागून, आठवड्यातले पाच दिवस. आधी गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून मास्क केला आणि तो घालूनच सीटी स्कॅन काढला. स्कॅनमधल्या एकेका कापाच्या चित्रावर लाळेच्या ग्रंथी, जबडा, मज्जारज्जू यांच्या हद्दी आखतात, म्हणजे किरणांपासून काय वाचवायचं ते ठरतं. डॉक्टरांचे यात तासन्‌तास जायचे. आता कच्ची रेघ कॉम्प्युटर देतो. मी फारच मागे लागलो म्हणून डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. भावाच्या दाढेत चांदी भरलेली. तिच्यामुळे सीटीत पांढऱ्या रेघांचा पिसारा उठला होता आणि नेमकी तिथंच कॉम्प्युटरची हद्द शेजारच्या गटात शिरली होती. बाईंनी माऊसने पुसून नवी काढली.

चौथ्या आठवड्यापर्यंत भाऊ सात किलो उतरला. घास गिळवत नव्हता. मास्क आणि गालाच्या मधे माझं बोट जायला लागलं. टेक्निशियन म्हणाला, "काकाजी, होते तसं." पाच दिवस त्याच ढिल्या मास्कवर गेले. सहाव्या दिवशी मी बाईंना जिन्यात गाठलं. त्यांनी पाहिलं मात्र, लगेच नवा मास्क, नवा सीटी. अंग उतरलं की लाळेच्या ग्रंथी आटतात, आतल्या बाजूला सरकतात, आणि जुन्या आखणीत त्यांच्यावर जास्त मारा होऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. जमिनीची वाटणी होऊन पोटहिस्सा पडल्यावर आम्ही तरी जुन्या नकाशावरून खुणा कुठे गाडत होतो!

फेरआखणीला वेळ लागायचा तेव्हाची टाळाटाळ समजू शकतो. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याहून पेशंट येतात, रांग संपत नाही, हेही दिसतं. पण कॉम्प्युटरने वाचवलेल्या वेळातला थोडा आधीपासून रेडिएशन चालू असलेल्या पेशंटच्याही वाट्याला यावा. भावाच्या कार्डावर वजनाचा रकाना होता, तीन आठवडे कोरा. तो दर सोमवारी भरावा, आणि मास्क ढिला झाला की त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहावं, एवढं तरी आपल्या नागपुरातल्या रुग्णालयांनी पाळावं.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
मानेवाडा, नागपूर