तुला न आठवणाऱ्या वर्षाचा हिशेब

प्रिय छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू वाचशील तेव्हा यातलं बहुतेक तुला आठवत नसेल. तुझा दोष नाही, माणसाचं डोकंच तसं आहे. मोठ्या माणसांना त्यांची सगळ्यात जुनी आठवण विचारली तर ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीची पाटी कोरी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या वर्षीचं बरंच काही सांगता येतं, पण तेच मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत त्यातलं पुष्कळसं पुसलं जातं. म्हणजे आत्ता पाचव्या वर्षी तू ‘बाबा, आठवतं का, तेव्हा ना...’ म्हणून जे खडान्खडा ऐकवतेस, ते थोड्याच वर्षांत फक्त आमच्याकडे उरणार. धाकट्याचा तर प्रश्नच नाही, तो दोन वर्षांचा आहे. आणि माझी स्मरणशक्ती कशी आहे ते आईला विचार. म्हणून लिहून ठेवतो.

फोटो आहेत, ढिगाने आहेत. पण फोटोत वाढदिवस असतात, सहली असतात, नवे कपडे असतात. ओल्या मोज्यांचा फोटो कुणी काढत नाही, आणि आपलं अर्धं वर्ष ओल्या मोज्यांतच जातं.

पावसाळ्यापासूनच सुरुवात करतो. दोऱ्या संपल्या की खुर्च्यांच्या पाठी, दारांच्या कड्या, खिडकीचे गज, सगळीकडे तुम्हा दोघांचे कपडे. हवाच पाण्याने भरलेली, कपड्यातलं पाणी जाणार कुठे? पंखा लावला की जरा बरं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचं काम तू मागून घेतलंस आणि ते तुला उत्तम जमतं. फक्त सकाळी बोळा काढायचा राहतो आणि मग ‘बूट लहान झाला’ म्हणून रडारड होते.

वीज चमकली की तू मोजायला लागतेस. प्रकाश लगेच दिसतो, आवाज मागून येतो, आणि त्याला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, हे मी तुला सांगितलं तेव्हापासून एकही वीज तू मोजल्याशिवाय सोडलेली नाहीस. पण तू पंधरा नेहमी गाळतेस, चौदानंतर थेट सोळा. शिवाय घाबरलीस की मोजण्याचा वेग वाढतो, त्यामुळे अगदी जवळ पडलेली वीजही तुझ्या हिशेबाने पार लांब पडते आणि तुझा जीव भांड्यात पडतो. हा हिशेब मी दुरुस्त करत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम मात्र पक्का, आणि तो पाळून घेण्यात तू माझ्याहून कडक आहेस. घड्याळ अजून कळत नसल्यामुळे दर दोन मिनिटांनी ‘झाला का अर्धा तास?’ एवढंच काय ते.

पाऊस थांबला की गांडुळं. ती त्वचेतून श्वास घेतात, त्वचा वाळली की मरतात, हे तुला कुणी सांगितलं मला ठाऊक नाही, मी तरी नाही. रस्त्यावर आलेलं प्रत्येक गांडूळ पानावर उचलून गवतात पोचवल्याशिवाय तू पुढे हलत नाहीस. धाकटा ते उचलून खिशात ठेवतो. तुझ्या आईने एकदा कपडे धुवायला टाकताना त्याचा खिसा तपासला, आणि आता आधी सगळे खिसे तपासल्याशिवाय ती मशिनला हात लावत नाही.

मग सर्दी सुरू होते. तू बालवर्गात जायला लागलीस त्या वर्षी मला वाटायचं, हिचं काहीतरी बिघडलंय. डॉक्टरांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. लहान मुलांना वर्षाकाठी ६ ते ८ वेळा सर्दी होते, नव्याने शाळेत जाणाऱ्यांना जास्तही होते. सर्दी करणारे विषाणू २०० हून अधिक, आणि तुमच्या शरीराची प्रत्येकाशी पहिलीच गाठ. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून त्यांनी ते दिलंही नाही. नाक पुसणं, पाणी पाजणं, झोपू देणं आणि तापाने मूल हैराण झालं तर वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल, एवढंच. औषधाविना घरी परतताना काहींना फसवल्यासारखं वाटतं. मला अशा डॉक्टरांबद्दल आदर वाटतो.

तुझी सर्दी तीन दिवसांत धाकट्याला आणि मग आम्हाला. त्याची छाती भरली की रात्री आम्ही पाळीपाळीने जागतो. विजेचं मोजणं तुझ्याकडे, हे मोजणं माझ्याकडे: त्याच्या अंगातलं बनियन वर सरकवायचं, तो शांत असताना पोटाची हालचाल बघत पुरं एक मिनिट श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त झाले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. अजून तशी वेळ आलेली नाही. मधेच तो झोपेत कूस बदलतो, आकडा चुकतो, पुन्हा एकपासून.

हिवाळ्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो बाहेर पडण्यात. तुला स्वेटर, टोपी, मोजे चढवेपर्यंत धाकट्याने आपले उतरवलेले असतात. त्याचे चढवले की तुला बाथरूमला जायचं असतं. यावर कुणाला उपाय सापडला असेल तर त्याने तो जगापासून लपवून ठेवलाय.

कोरड्या हवेत स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट आवाज येतो आणि अंधारात ठिणग्या दिसतात. तुला हे इतकं आवडतं की झोपताना दिवा बंद करून स्वेटर काढायचा, मग पुन्हा घालायचा, पुन्हा काढायचा. त्याच थंडीत तू विचारलंस, ‘सूर्य लांब गेला म्हणून गार वाटतंय का?’

हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर उलटं आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यात लांब, १५ कोटी २१ लाखांवर. जवळ असताना आपल्याला थंडी! मग मी चेंडू आणि टॉर्च घेतला. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. ज्या महिन्यांत आपली बाजू सूर्यापासून पलीकडे झुकते तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि दिवसही लहान होतो. टॉर्च सरळ धरला की जमिनीवर लहानसा लख्ख गोल, तिरपा धरला की लांबट, फिकट डाग. प्रकाश तेवढाच, पण जास्त जागेवर पसरलेला. तू डागावर हात ठेवून म्हणालीस, ‘गरम नाही लागत.’ टॉर्चचं गरम लागणार कसं, हे समजावेपर्यंत पृथ्वी धाकट्याने पळवली होती. तुला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी तू भावाला सांगत होतीस की सूर्य जवळच आहे, फक्त वाकडा बघतोय. मला यापेक्षा सोपं सांगता आलं नसतं.

उन्हाळ्याबद्दल लिहायला कमी आहे, कारण उन्हाळ्यात आपण दुपारभर पडदे ओढून घरात असतो आणि तुम्ही दोघं भांडता. बहुतेक भांडणं एकाच बादलीवरून. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी पुढे करत राहावं लागतं. आणि गाडीत तुम्हाला क्षणभरसुद्धा एकटं ठेवायचं नाही. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं. तू झोपलेली असलीस तरी तुला उचलून आणते, म्हणून आईवर चिडायचीस, त्याचं कारण हे.

खरी लढाई संध्याकाळी. ‘बाहेर उजेड आहे, मी का झोपू?’ तुझा मुद्दा बिनतोड आहे. प्रकाश असला की झोपेची वेळ पुढे सरकते, हे शास्त्रही तुझ्याच बाजूने बोलतं. पण तुझ्या वयाच्या मुलाला दिवसाचे १० ते १३ तास झोप हवी आणि शाळा काही उजेड बघून भरत नाही. जाड पडदे लावले. आता तू पडद्याची फट उघडून पुरावा दाखवतेस.

याच सुट्टीत तुझी उंची मोजायची असते. या वयात मुलं वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर वाढतात, आणि तुला त्यातला एक मिलिमीटरही सोडायचा नसतो. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर उंच असतो. दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, रात्री आडवं झाल्यावर त्या पुन्हा फुगतात. हे मी बोलायला नको होतं असं आईचं मत आहे. आता तू अंथरुणातून उठून जमिनीवर पाय न टेकवता, माझ्या कडेवर बसून दरवाजापर्यंत येतेस. टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, आणि पेन्सिलीची रेघ पडेपर्यंत श्वास रोखलेला. धाकट्याला तोच मान हवा असतो, पण तो रेघ मारेपर्यंत उभा राहत नाही, त्यामुळे त्याच्या सगळ्या रेघा तिरप्या आहेत. एक तर खाली उतरलेली आहे.

तुझा,
बाबा

ता. क. तुझा निळा रेनकोट धाकट्याला अजून घोट्यापर्यंत येतो, पण तो आपल्याला मिळाला असं त्याने ठरवून टाकलंय. तू अजून हो म्हटलेलं नाहीस. पाऊस यायच्या आत तुम्ही दोघांनी काय ते मिटवा, मी मधे पडणार नाही.