आई-बाबा, नावं दिली आहेत, आता शनिवारी या

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि बोलणं बागेच्या छाटणीवर गेलं असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुम्हा दोघांची नावं मी दिली आहेत. हप्ता पुढच्या पगारातून कापायला सुरुवात होईल. आधी विचारायला हवं होतं, मला कळतं. पण नावं घालायची मुदत वर्षातून एकदाच, पॉलिसीचं नूतनीकरण होताना येते. ती हुकली की वर्षभर कुणाचं नाव आत जात नाही. सवलत फक्त नव्या लग्नाला आणि नव्या बाळाला.

बाबा, लेकीच्या पैशाचं नको असं तुमच्या मनात येणार. दादालाही वाईट वाटायला नको. बाग कितीही चांगली असली तरी तिच्यावर ग्रुप पॉलिसी मिळत नाही, ती नोकरीवर मिळते, एवढाच फरक आहे. शिवाय ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर 50,000 रुपयांपर्यंत करात वजावट आहे. ती जुन्या करपद्धतीतच मिळते आणि मी त्याच पद्धतीने कर भरते. बाहेरून तुमची वेगळी पॉलिसी घेतली असती तर आईच्या शुगरसाठी आणि तुमच्या बीपीसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागलं असतं. आमच्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत. खरं म्हणजे त्यासाठीच मी सही केली.

बाबांचं सत्तरीनंतरचं 5 लाखांचं आयुष्मान कार्ड जपून ठेवा. दुसरा विमा असला तरी ते चालतं. पण ते योजनेतल्या दवाखान्यांतच, आणि आई 66 ची, तिला ते लागू नाही.

दवाखान्याची वेळ येऊच नये. आली तर एक लक्षात ठेवा: खोली. आपल्या विम्याची रक्कम 3 लाख, खोलीभाडं दिवसाला 3,000 पर्यंत. "मोठी खोली द्या, वरचे आम्ही भरू" असं दादा प्रेमापोटी म्हणेल, तसं करू देऊ नका. 6,000 ची खोली घेतली तर कंपनी नुसतं भाडं निम्मं देत नाही, डॉक्टरांची आणि ऑपरेशनची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापते. औषधांवर मात्र ही कपात होत नाही. बहुतेक घरांचे पैसे इथेच जातात आणि मग विमा फसवा म्हणून नाव ठेवलं जातं. आईच्या मोतीबिंदूसारखं ठरवून करायचं असेल तर 48 तास आधी मला कळवा, अचानक झालं तर 24 तासांच्या आत.

आता शनिवार. कॉलेजात वेलनेस डे आहे, स्टाफच्या आईवडिलांचीही तपासणी होणार. शुक्रवारी दुपारच्या एसटीने निघा, उजाडता निघू नका. निफाडच्या त्या थंडीत उपाशीपोटी प्रवास नको. दोघांनाही अर्धं तिकीट आहे. मी स्टँडवर येते. आई, पलंग खिडकीपासून लांब ओढलाय आणि बाथरूममध्ये गरम पाणी पहाटेपासून असतं.

रात्री 8 ला जेवण, सकाळी 8 ला रक्त. मध्ये पाणी कितीही प्या, चहा नाही. आई, तुझा पाचचा चहा एक दिवस राहू दे. शुगरची गोळी नाश्त्याआधी घ्यायची नाही, उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. बाबांची बीपीची गोळी मात्र रोजच्या वेळेला, घोटभर पाण्याबरोबर. "तपासणी आहे म्हणून घेतली नाही" असं शिबिरात निम्मे लोक सांगतात आणि आकडा वर गेला की घाबरतात. जेवणानंतरच्या रक्ताचे 2 तास नाश्त्याच्या पहिल्या घासापासून मोजायचे, ताट ठेवल्यापासून नाही. आणि आई, आठवडाभर गोड सोडून येऊ नकोस. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही आहे, तिच्यात आठवड्याची पथ्यं फारशी दिसत नाहीत. जे आहे ते दिसू दे ना.

बीपी मोजायच्या आधी अर्धा तास तंबाखू नाही, बाबा. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर. बाही वर गुंडाळली की दंड आवळतो आणि आकडा चुकतो. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाने पुन्हा मोजायला मीच सांगेन.

शाळेत सुया टोचायला आले होते तेव्हा तुम्ही टोपी काढून माझ्या डोळ्यांवर धरली होती. शनिवारी नंबर मी लावते, तुम्ही दोघं खुर्चीवर बसा.

दुपारी स्टाफचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग आहे, घरातल्या एकाला बसता येतं. वहिनीला घेऊन याच. घाबरवायला नाही लिहीत. पण भाऊबीजेनंतरची ती चक्कर मला तिसऱ्या दिवशी कळली, आणि तुमच्याजवळ घरात असते ती वहिनीच. माणूस हाक मारून उठत नसेल, श्वास नीट नसेल, तर आधी 108, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब: मिनिटाला 100 ते 120, निदान 5 सेंटीमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचून ते जमत नाही. पुतळ्यावर एकदा करून पाहिलं की किती जोर लागतो ते हाताला कळतं.

येताना दोघांची आधार, जुने रिपोर्ट आणि गोळ्या पाकिटासकट आणा. "पांढरी छोटी गोळी" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. रेशनकार्डावर बाबांचं नुसतं अण्णा आहे आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. मी फॉर्मवर सगळं आधारप्रमाणे भरलंय. कुणी विचारलं तर दुसरी तारीख सांगू नका, तेवढ्यावरून क्लेम अडकतो.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, पुढून बटणं असलेला स्वेटर घाला. डोक्यातून काढायचा नको.